सलोमतची केलिन

१

एस्कितुतमध्ये घराची अब्रू फाटकाच्या बाहेर असते. आत गालिचे किती, कपाटात चिनी मातीची भांडी किती, मुलगा ताश्कंदला नेमकं काय काम करतो, हे सगळं मागाहून. उजाडताना फाटकासमोरची जमीन झाडलेली आहे का आणि धूळ बसावी म्हणून तिच्यावर पाण्याचा सडा पडलाय का, हे आधी बघायचं. हे काम घरच्या केलिनचं, म्हणजे सुनेचं. सून असताना सासूच्या हातात खराटा दिसला, की समजावं, त्या घरात काहीतरी बिनसलंय.

मुनिसा या गल्लीत सून होऊन आली ती वसंतात. जन्म सगळा ताश्कंदच्या चिलोंझोरमध्ये, चौथ्या मजल्यावर गेलेला. खाली दिवसरात्र गाड्या. तिथे झाडायचं म्हणजे आपल्या दारापुरता जिना. इथे आल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की शांतताही ऐकू येते. शहरापासून तासाभरावरची ही जुनी वस्ती. सकाळच्या पहिल्या मिनीबसने पुरुषमाणसं कामाला जायची, संध्याकाळी दमून यायची, आणि मधला सगळा दिवस गल्ली बायकांची, म्हाताऱ्यांची आणि पाटाच्या पाण्याची. दोन्ही बाजूंना तुतीची झाडं, मातीच्या भिंती, निळी फाटकं, फाटकांआड द्राक्षांचे मांडव. कोणाच्या तंदूरमधून रोटी निघाली की शेजारी आधी वास जायचा आणि मागोमाग रोटी. पहिल्याच आठवड्यात आईशी फोनवर बोलताना मुनिसा हुंदके देऊन रडली. आईच्या काळजाचं पाणी झालं.

"मारतात का गं तुला?"

"नाही गं आई. फार आवडलंय इथे."

आवडलं होतं ते खरंच. या घरात, या मांडवाखाली म्हातारी व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. जमत नव्हती ती एकच गोष्ट, पहाटे उठणं. आणि नेमकं तेच तिची सासू सलोमत हिला खपण्यासारखं नव्हतं. सलोमत उंच, सरळ पाठीची, बोलणं मोजकं. पण जे बोलायची ते लागेल असंच.

"आमच्याकडे सूर्य दोनदा उगवतो," ती चहा ओतता ओतता म्हणायची. "एकदा आभाळात आणि मग केलिनच्या खोलीत."

तुती पिकून गळायला लागल्या तेव्हा तर ती स्पष्टच बोलली. "फाटकासमोर फळं तुडवली गेलेली मला पुन्हा दिसली ना, तर तुझ्या आईला निरोप धाडीन. म्हणावं, तुमची वस्तू तुम्ही घेऊन जा."

ही नुसती धमकी नव्हती. कोपऱ्यावरच्या घरातली केलिन आदल्याच हिवाळ्यात आपल्या पेटीसकट माहेरी गेली होती, आणि गल्लीत तिचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नव्हतं. मुळात ते माहीतच कोणाला होतं? नव्या सुनेने मान वर करायची नाही, रुमाल कपाळावर ओढून घ्यायचा, मोठ्यांनी हाक मारली की छातीवर हात ठेवून हळूच "लब्बै" म्हणायचं, म्हणजे "जी, आले." मुनिसाला सासू "केलिन" म्हणायची, गल्ली "सलोमतची केलिन" म्हणायची, आणि नवरा, रवशन, तो आईसमोर तिला काहीच म्हणायचा नाही.

२

त्या दिवशी तिला जाग आली ती चिमण्यांच्या कलकलाटाने. खिडकीत ऊन आलेलं. रवशन केव्हाच बस पकडायला गेला होता. रुमाल गुंडाळत ती अंगणात धावली, तंदूरजवळच्या कोपऱ्यातून खराटा उचलला, फाटक उघडलं आणि तशीच उभी राहिली.

जमीन झाडून झाली होती. गळालेली एकही तुती कुठे नव्हती. पाणी इतक्या हलक्या हाताने शिंपडलं होतं की माती ओली झाली होती, पण चिखल नव्हता. असं काम मुनिसाला सात जन्मांत जमलं नसतं.

सासूनेच झाडलं. संपलं सगळं. हे मनात येतंय तोवर मागून सलोमतच आली. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "जमलं म्हणायचं एकदाचं. हात चांगला आहे की तुझा. इतके दिवस कुठे लपवला होतास?"

आता खरं तर बोलायला हवं होतं. "ओयी, हे मी नाही केलं." ओयी म्हणजे आई, सासूलाही तेच म्हणायचं. एवढंच एक वाक्य. पण मुनिसाने छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. नव्या सुनेच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तिने ते ठरवून केलं असंही म्हणता येणार नाही. तोंड उघडलं नाही, एवढं मात्र खरं.

सासू आत गेल्यावर तिने नीट पाहिलं. ती स्वतः फाटकापासून सुरुवात करायची आणि कचरा पुढे पुढे लोटत कोपऱ्यापर्यंत जायची. मग झाडलेल्यावरच पाय उमटवत परत यायची. गल्लीतल्या सगळ्याच तसं झाडतात. इथे खराट्याच्या रेघा सरळ होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या, आणि त्या सुरू झाल्या होत्या पार कोपऱ्यावरून. झाडणारी मागे मागे सरकत आली होती, आपलेच ठसे आपल्याच रेघांनी पुसत. रेघा फाटकाच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या होत्या. तिथून बाहेर गेलेलं पाऊल कुठेच नव्हतं.

कोणीतरी शेजारीण असेल, मुनिसाने ठरवलं. इथे बायका न सांगता एकमेकींची कामं करतात. झाडून पाटाच्या काठाकाठाने गेली असेल. काठावर गवत आहे, तिथे पाऊल कसं उमटणार? हे तिला पटलं, आणि पटल्यावर भूकही लागली.

३

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. गल्लीत हा हा म्हणता बोलबाला झाला.

समोरच्या फाटकापाशी बाकावर तुर्सुनॉय खोला बसलेली असायची. खोला म्हणजे मावशी. ती अख्ख्या गल्लीची मावशी होती, आणि गल्लीचा चौकीदारही. एका कानाने कमी ऐकायची, पण त्याची भरपाई तोंडाने करायची.

"ये गं ये, माझी साखर," तिने मुनिसाला हात धरून बसवलं. "काल तो मास्तावा आणलास, त्याचा वाडगा अजून माझ्याचकडे आहे. रिकामा कसा पाठवू? चेरी उतरल्या की भरून देते."

मुनिसा काल तिच्या फाटकाची पायरीसुद्धा चढली नव्हती. घरी मास्तावा केला होता, भाताचं ते सूप तिनेच ढवळलं होतं, हे खरं. सासूनेच नेऊन दिला असेल आणि म्हातारीचा गोंधळ झाला असेल.

"खोला, काल मी..."

"काल काय, रोज ये म्हटलं ना तुला! आणि पाय काय चेपलेस गं. मला तीन सुना आहेत. तिघींचे मिळून सहा हात. पण तुझ्या एका हातातली माया नाही त्यांच्यात. एकीने तर परवा असा घोटा आवळला, मला वाटलं माप घेतेय माझं, कबरीसाठी."

मुनिसाला हसू आलं. वाडगा खिडकीत पालथा घातलेला दिसत होता, निळा, पांढऱ्या कापूसफुलांच्या नक्षीचा. अशीच भांडी त्यांच्याकडेही होती. पण अशी भांडी तर देशातल्या प्रत्येक घरात आहेत. त्यावरून काय ठरवायचं?

आणि कौतुक कोणाला नको असतं? रोटीच्या दुकानात बायका तिला पुढे जागा द्यायला लागल्या. कोणाच्या घरी पाहुणे आले की "सलोमतच्या केलिनला बोलवा, स्वागताला फाटकापाशी उभी करा" म्हणायचे. मुनिसा खाली मान घालून ऐकायची आणि रुमालाआड तिचे गाल तापायचे. तिला लाज वाटायची. त्याहून जास्त तिला आवडायचं.

४

पण एकदा तरी त्या शेजारणीला गाठायचं आणि तिचे आभार मानायचे असं तिने ठरवलं. आभारच मानायचे होते, दुसरं काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

झुंजूमुंजू व्हायच्या आधी ती उठली. अंगणात पाऊल टाकलं तोच फाटकाबाहेरून आवाज आला. खर्र, खर्र. संथ, एका तालात. ऐकत राहावा असाच आवाज होता. मुनिसाने सवयीने तंदूरकडे पाहिलं. त्यांचा खराटा कोपऱ्यात जागेवर होता. तिने हात लावला. काड्या ओल्या होत्या.

बाहेर झाडणं चालूच होतं.

ती फाटकापाशी गेली. कडी आतून लागलेली होती. आवाज कोपऱ्याकडून सरकत सरकत जवळ येत होता, पाठमोरा, फाटकाच्या दिशेने. आता मधे फक्त निळ्या रंगाचा पत्रा उरला. कडी काढायची आणि "खूप उपकार झाले" म्हणायचं, एवढंच काम होतं. मुनिसाचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थिजला. खराटा थांबला. पलीकडे कोणीतरी उभं होतं आणि दम लागल्याचा आवाज मुळीच येत नव्हता. इतकं झाडून माणसाला दम लागतो. मुनिसा पळाली. खोलीत शिरून तिने डोक्यावरून पांघरूण ओढलं. मग तिला कडी सरकल्यासारखं ऐकू आलं.

रविवारी रवशन घरी होता. मांडवाखालच्या लाकडी बैठकीवर लोळत जर्दाळू खात होता. सासू आत होती.

"अहो," मुनिसाने विचारलं, "सकाळी आपल्याकडे झाडतं कोण हो?"

"आता हे मला विचारतेस? अख्ख्या गल्लीला विचार. तू."

"मी नाही झाडत."

"बरं, मग मी झाडतो. बसमध्ये डुलक्या घेतो ते काय उगीच?" तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला एक सांगू? घाबरू नकोस. तुती गळायला लागल्या तेव्हा आईने तुझी पेटी बाहेर काढून ठेवली होती. मला म्हणाली, गाडी सांगून ठेव. मी तोंड लपवत फिरत होतो. आणि आता? परवा चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. म्हणाली, मला देवाने मुलगी दिली नव्हती, ती अशी उशिरा दिली. माझ्या आईला रडताना पाहिलंय मी दोनदा. एकदा बाबा गेले तेव्हा."

मुनिसाने जर्दाळूची बी उचलली, पुन्हा खाली ठेवली. खरं सांगायचं तर ते आत्ताच. आणि खरं सांगितलं तर पेटी.

"काय झालं?" रवशनने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा आणू?"

५

त्यानंतर घर बदललं. वाईट झालं असं नव्हे. उलट, इतकं छान कधीच नव्हतं. ती उठायची तेव्हा चहा झालेला असायचा, गाद्या रचलेल्या असायच्या, पीठ मळून झाकलेलं असायचं. हात लावायला काही उरलेलंच नसायचं. सासू टोमणे मारायची बंद झाली होती. मुनिसाला त्या टोमण्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

एकदा स्वयंपाकघरातून सलोमतचं बोलणं ऐकू आलं. मोकळं, हसत हसत, लेकीशी बोलावं तसं. मधेच थांबायची, ऐकायची, पुन्हा हसायची. मुनिसा आत गेली तर सासू एकटीच गाजराच्या काड्या कापत होती. शेजारी दुसरी सुरी होती, दुसरी फळी, आणि कापलेल्या काड्यांचा ढीग, सासूच्या काड्यांपेक्षा बारीक.

"काय गं?" सलोमत म्हणाली. "आत्ताच तर कांदे आणायला गेलीस. विसरलीस का?"

मुनिसा कांदे घेऊन आली.

दुपारी ती खोलाला तिची औषधं द्यायला गेली. म्हातारीने तिचा हात कुरवाळला. "बरं केलंस हो, काल एकदाची मान वर केलीस. कशाला लपवायचा असा चेहरा? आणि डोळे काय गं तुझे! काळेभोर. दोन द्राक्षं जशी."

मुनिसा घरी आली आणि थेट आरशापुढे बसली. तिचे डोळे घारे होते. लहानपणापासून घारे. शाळेत तिला मांजर म्हणायचे. म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला काळं काय आणि घारं काय, तिने स्वतःला समजावलं. तरी ती बराच वेळ बसून राहिली. आपला चेहरा आरशात बघायची सवय गेली होती, असं तिच्या लक्षात आलं. या घरात आल्यापासून तो कोणी पाहिलाच नव्हता.

त्या संध्याकाळी तिने निश्चय केला. उद्या एकदा आपल्या हाताने झाडायचं. मग ओयींच्या पुढे उभं राहायचं, मान वर करून, आणि सांगायचं की आजचं माझं आहे, आधीचं नव्हतं. पेटी तर पेटी. पण निदान पाठवतील ती मला पाठवतील.

६

पहाटे तिने कान दिला. बाहेर काही नाही. फक्त पाटाचं पाणी.

फाटक उघडलं तर जमिनीवर तुतीच तुती. रात्रभर गळलेली काळी, पांढरी फळं, पोप्लरच्या झाडांचा कापूस, धूळ. कोणी हात लावला नव्हता. मुनिसाला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली. म्हणजे ती शेजारीण कंटाळली, किंवा गावाला गेली. तिने बादली भरून आणली, खराटा घेतला आणि फाटकापासून सुरुवात केली. गोल गोल, आपल्या पद्धतीने, कचरा पुढे लोटत. हवा गार होती. झाडांमधून उजेड झिरपत होता आणि एकेक फाटक अंधारातून निळं होत चाललं होतं. किती सुंदर जागा आहे ही, तिला वाटलं, आणि आता खरोखर आपली आहे. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिची कंबर मोडली. हाताला फोड आले. वळून पाहिलं तर गल्ली लखलखत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. रवशन डबा घेऊन बाहेर पडला. मागे वळून आत बघत म्हणाला, "येतो हं संध्याकाळी. आणि जरा पड आता, रोज इतक्या लवकर उठतेस." आतून काहीतरी उत्तर आलं. तो हसला आणि चालू लागला.

आईशी बोलत असेल. मुनिसा खराट्यावर रेलून त्याची वाट बघत थांबली. त्याला फोड दाखवायचे होते.

रवशन जवळ आला. परक्या बाईसमोर सभ्य माणसं करतात तशी त्याने नजर खाली वळवली, छातीवर हात ठेवला, "सलाम, ओपा," म्हणाला आणि बाजूने निघून गेला. ओपा म्हणजे ताई.

"अहो!" ती हसली. त्याची थट्टा करायची ही रीतच होती. "अहो, ऐकलं का?"

तो वळला नाही. कोपऱ्यावर बस उभी होती.

थट्टाच, मुनिसा मनाशी म्हणाली. संध्याकाळी बघते त्याच्याकडे. आणि त्याच वेळी मागे, स्वच्छ झाडलेल्या गल्लीच्या टोकाला, फाटकाची कडी आतून लागली.

ती भराभर परत आली. तुर्सुनॉय खोला बाकावर येऊन बसली होती. तिने मुनिसाकडे मोठ्या कुतूहलाने पाहिलं.

"कोणाकडे आलीस गं मुली? सलोमतकडे? बघ, बघून घे. तिच्या केलिनने काय झाडलंय बघ! माझ्या तिघींना आणून दाखवणार आहे मी. आणि तो खराटा आधी देऊन टाक हो तिला, तिचा आहे तो."

"खोला, मी..."

"हो, हो, तेच घर. निळं फाटक."

सगळीच फाटकं निळी होती. मुनिसाने मूठ आवळून पत्र्यावर थाप मारली. एकदा, दोनदा. आत मांडवाखाली कपबश्यांचा आवाज येत होता.

"केलिन," सासूचा आवाज आला, प्रेमळ, सकाळचा. "फाटकावर बघ गं कोण आहे."

"लब्बै, ओयी."

तो मुनिसाचाच आवाज होता. फक्त त्यात झोप नव्हती, भीती नव्हती.

पावलं अंगण ओलांडून आली. कडी सरकली. फाटक वीतभर उघडलं. मुनिसाला अत्लस रेशमाच्या झग्याची बाही दिसली, तिच्याच लग्नातली, हिरवी-पिवळी. छातीवर ठेवलेला हात दिसला, कपाळावर ओढलेला रुमाल आणि झुकत जाणारी मान. चेहरा आता दिसणार होता. पण समोरची वाकली तशी मुनिसाही वाकली. हात आपोआप छातीवर गेला, मान आपोआप खाली गेली, आणि ती वर करेपर्यंत फाटकाच्या फटीत पुन्हा नुसता रुमाल होता.

"कोण हवंय आपल्याला?"

"मी," मुनिसा म्हणाली. "मी मुनिसा."

"कोण आहे गं?" आतून सलोमत.

"कोणी मुनिसा आहेत, ओयी. आपल्याकडे कोणी मुनिसा..."

आत सासू आठवून बघत होती. मुनिसाने श्वास धरला. आठवा, ओयी. मला दोन टोमणे मारा, पेटी आणून टाका माझ्यापुढे, पण आठवा.

"नाही बाई," सलोमत म्हणाली. "चुकली असेल बिचारी. सगळी फाटकं सारखीच दिसतात आपल्याकडे. पण तशीच नको पाठवू हं तिला. चहा दे."

"लब्बै."

रुमाल दूर गेला आणि परत आला. फटीतून दोन हातांनी, अदबीने, चहाचा प्याला पुढे आला. मुनिसाने तो फोड आलेल्या हातांनी घेतला. इथे पाहुण्याला थांबवून घ्यायचं असेल तर प्याला मुद्दाम अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो.

हा काठोकाठ भरलेला होता.